हलणाऱ्या वजनाचा हुक

प्रिय वायसर,

अक्षर ओळखलंस ना? दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, मी तर मुळीच नाही. पत्र माझं, तुझ्या आजीचं आहे, हात तुझ्या आईचा आहे. मला लिहिता येत नाही हे तुला माहीतच आहे, आणि तू गेल्यापासून या घरात लिहिणारी ती एकटीच उरली. आधी नाहीच म्हणाली. फोन करा ना, रोज करताच की, म्हणाली. मी म्हटलं, फोनवर मापं सांगितली की ती या कानातून आत जातात आणि त्या कानातून चुकीची होऊन बाहेर पडतात, परवा तेच झालं. कागदावर असलं की भिंतीला लावून बघता येतं. शेवटी कबूल झाली, पण अटी घालून. फक्त स्क्रूबिक्रूचं लिहीन म्हणाली, माझ्यातर्फे एक अक्षर नाही, आशीर्वाद नाही, विचारपूस नाही. मी म्हटलं चालेल, पण माझीही एक अट. मी बोलेन ते जसंच्या तसं उतरलं पाहिजे. दुकानात गिऱ्हाईकाने दीड इंची स्क्रू मागितला तर तू सव्वा इंची बांधून देतेस का? मग इथेही माल बदलायचा नाही. शिवाय पत्र झालं की शेजारच्या शिंप्याकडून मी ते वाचून घेणार आहे, हेही तिला सांगून ठेवलंय. तेव्हा तू निर्धास्त वाच. तिच्या मनात राग असेल, मापात खोट नसेल. हे वाक्य ऐकून तिने तोंड वाकडं केलं. तेही लिही म्हटलं. लिहिलं.

तर कामाचं. तुझा तो छताच्या हुकाचा फोटो शिंप्याच्या मोबाइलवर आला तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बसले की उठते, उठले की बसते. काल तीनदा चहा टाकला आणि तीनदा गार करून ओतला. दुकानात गिऱ्हाईकाने बिजागऱ्या मागितल्या, मी कड्या काढून दिल्या, आणि त्यानेही मुकाट्याने घेतल्या, म्हणजे त्याचंही डोकं ठिकाणावर नसणार. शिंप्याने फोटो मोठा करून दाखवला. छताचा तो जुना वासा, त्यात फिरवून बसवलेला एक हुक, आणि शेजारी तुझं बोट. बरं झालं बोट ठेवलंस, नाहीतर मला माप कळलं नसतं. तुझं बोट मी लहानपणापासून ओळखते. त्या बोटाच्या हिशेबाने तो हुक पेन्सिलीच्या जेमतेम निम्म्याइतका जाड आहे. त्याला टोपी अडकव, छत्री अडकव, नवऱ्याचा ओला शर्ट अडकव. पण तू म्हणालीस त्याला कुंडी टांगणार, मातीने भरलेली, आणि ती हलणार. तो हुक मला स्वप्नात वाकताना दिसायला लागला आहे. मी पत्र लिहून होईपर्यंत त्याला काही टांगलं नसशील, असं मी धरून चालते. टांगलं असशील तर आत्ता हे वाचायचं थांबव, उठ, काढ, आणि मग पुढे वाच.

चूक कुठे झाली तेही मला कळलं आहे. मी फोनवर म्हणाले आठचा घे, कमी नको. मी आठ मिलिमीटर म्हणत होते. तू त्या मोठ्या दुकानात गेलीस आणि आठ नंबर घेऊन आलीस. अगं, नंबर वेगळा आणि मिलिमीटर वेगळे. लाकडाच्या स्क्रूचा आठ नंबर म्हणजे जाडीला चार मिलिमीटरच्या किंचित वर, झालं. नंबर ही स्क्रूंची जुनी भाषा आहे, मिलिमीटर ही नवी, आणि दोघींत आठ आहेत, म्हणून आठ काही एक होत नाहीत. नट-बोल्टाला मिलिमीटर लागतो, लाकडाच्या स्क्रूला अजून पुष्कळ ठिकाणी नंबर चालतो. पाकिटावर नुसता आकडा असला तर पाकीट उघडायला लावायचं. नाही म्हणाले तर ते दुकान सोडायचं.

आता यात तुझा तरी काय दोष म्हणायचा. स्क्रूच्या दुकानात वाढलेली मुलगी आणि तिला एक स्क्रू विकत आणता येत नाही, हे आपल्याच घरी होऊ शकतं. आपल्याकडे नावं कधी लागलीच नाहीत. मला वाचता येईना म्हणून तुझ्या आजोबांनी प्रत्येक खणाच्या तोंडावर आत जे असेल त्याचा एक नमुना ठोकून ठेवला. बोट फिरवलं की कळतं, हा लांब, हा आखूड, हा चपट्या डोक्याचा, हा गोल डोक्याचा, हा पितळेचा. तुझा बाप तसाच शिकला. तू तर रांगत असल्यापासून त्या खालच्या खणांशी. वायसरांची माळ करून गळ्यात घालून हिंडायचीस आणि गिऱ्हाईकाला हवी तर गळ्यातून काढून द्यायचीस, म्हणून तर तुझं नाव वायसर पडलं. आपल्या घरात सगळ्यांना बोटं आहेत, नंबर कुणालाच नाहीत. तुझी आई तेवढी बाहेरून आली, तिला नंबर येतात. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने खणांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि मी बोट फिरवून फिरवून त्या झिजवल्या. ती म्हणते, झिजवल्या नाहीत, मुद्दाम खरवडल्या. असो. हे तिचं म्हणणं आहे, पत्र माझं आहे.

आता नीट लक्ष दे, मी सगळं पहिल्यापासून सांगते, कारण अर्धं सांगितलं की काय होतं ते बघितलंच आपण. स्क्रू घेताना चार गोष्टी बघायच्या, जाडी, लांबी, डोकं आणि धातू. लांबीचा हिशेब असा की वरची फळी सोडून उरलेला स्क्रू खालच्या लाकडात गेला पाहिजे, आणि तो वरच्या फळीच्या दुप्पट तरी असावा. वर अर्धा इंच जाड फळी, तर दीड इंची स्क्रू. जो माणूस वरची फळीच धरून बसतो तो काही धरत नाही. मऊ लाकडाला स्क्रूचे आटे मोठे, लांब-लांब अंतरावरचे, कडक लाकडाला बारीक. स्नानघरात आणि बाहेर उघड्यावर गंज न धरणाराच घ्यायचा, दोन पैसे जास्त गेले तरी. काळे स्क्रू दिसायला देखणे असतात, ते पातळ पाट्या ठोकायला. त्यांचा स्वभाव ताठ आहे, वाकत नाहीत, एकदम मोडतात. अशी माणसं असतात तशीच. आणि स्क्रू फिरवण्याआधी लाकडात बारीक भोक पाडायचं, आट्यांच्या आतला दांडा जेवढा जाड तेवढंच. भोक न पाडता जोर केला तर लाकूड चिरतं, आणि मोठं पाडलं तर आट्यांना धरायला काही उरत नाही. आटे थोडे साबणावर घासून घ्यायचे, जातात सरळ. हे सगळं तुझ्या आईने न विचारता लिहिलं, एका जागी तर माझ्या आधी लिहून मोकळी झाली. म्हणजे तिला ऐकू येतंय.

आणखी एक, आवळण्याचं. हे महत्त्वाचं आहे, तुझ्या आईने नाक मुरडलं तरी लिहायचंय. स्क्रू बसला की थांबायचं. बसल्यावरही फिरवत राहिलं की आतल्या लाकडातले आटे मरतात आणि मग तो नुसता गोल गोल फिरतो, धरत काहीच नाही. तू गेल्यापासून तुझ्या आईला आवळण्याचा नाद लागला आहे. दुकान बंद केलं की स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरभर हिंडते. पलंगाचे पाय आवळले, खिडक्यांच्या बिजागऱ्या आवळल्या, माझ्या काठीच्या मुठीचा स्क्रूसुद्धा आवळला. मी म्हटलं अगं काही ढिलं नाही. म्हणाली, होईल. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडलं तर दारच हातात आलं. बिजागरीच्या स्क्रूंचे सगळे आटे मेले होते. दार हातात धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी होती, कुठे ठेवावं सुचेना. मी म्हटलं, ठेव बाई खाली, लेकीचा राग दाराने किती दिवस सोसायचा. त्यावर दार खाली ठेवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. हे लिहिताना तिच्या पेनचं टोक कागदातून आरपार गेलं, ते भोक बघ या ओळीवर. बघ, आवळते किती.

तुम्ही दोघी बोलत नाही त्याला दीड वर्ष होत आलं. मी कुणाची बाजू घेत नाही. म्हणजे घेते, पण दोघींची घेते, त्यामुळे दोघीही मला फितूर म्हणता. नट आणि लाकडाच्या मध्ये वायसर घालतात ती दोघांनी एकमेकांना खाऊ नये म्हणून. नाव तुझं आणि चेपली जातेय मी. तुझा फोन आला की तुझी आई दुकानाच्या मागच्या बाजूला खिळे तोलायला जाते. गिऱ्हाईक नसतं, कुणी मागितलेले नसतात. पाव किलो तोलते, परत ओतते, परत तोलते. आणि तराजू कुठे ठेवलाय माहितीये? पूर्वी पुढे असायचा. आता फोनच्या भिंतीच्या बरोबर पलीकडे. ती म्हणते, तिथे उजेड चांगला आहे. तिथे खिडकी नाही.

तुझ्या नवऱ्याचं म्हणशील, तर मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, आता तिच्या हातानेही सांगते. पहिल्यांदा आला तेव्हा तू गल्ल्यापाशी होतीस. म्हणाला, घट्ट बसतील पण काढताना लाकूड खराब होणार नाही असे स्क्रू हवेत, पुष्कळ. तुझ्या आईने विचारलं, काढायचेच आहेत तर बसवता कशाला. तेव्हा त्याने सांगितलं की तो नाटकांचे सेट उभारतो, त्याच फळ्यांचा एका खेळात राजवाडा होतो, दुसऱ्या खेळात तुरुंग. मला हसू आलं. तुला काय आलं ते आम्ही नंतर बघितलं. तुझ्या आईचं तिथेच बिनसलं. ती म्हणायची, ज्याच्या घराला फक्त पुढची भिंत असते त्याच्याकडे पोरगी द्यायची कशी. मी म्हटलं, आपल्या दुकानाला तरी मागे काय आहे, पत्राच ना? पण तिचं भय मला कळत नव्हतं असं नाही. तुझा बाप गेला तेव्हा तू त्या खणांएवढी होतीस. लोक म्हणाले दुकान विका. ती म्हणाली नाही. सकाळी शटर उघडायचं, रात्री लावायचं, मधल्या वेळात कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. सगळं आवळून धरलं म्हणून तर उभं राहिलं. मग अशा बाईला जावई मिळाला तो कायम बसवलेलं सगळं काढत सुटणारा. ती तुला जे बोलू नये ते बोलली, तूही उलट बोललीस, आणि जाताना दार आपटून गेलीस ते दार तिने दुसऱ्याच दिवशी काढून तेल घालून परत बसवलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशा तुम्ही दोघी. कोण कुणावर गेलंय ते विचारायचं कशाला.

हे शेवटचं सगळं तिने लिहिलं. मध्ये उठून पाणी प्यायली, पण लिहिलं. एकदा म्हणाली, आई, तुम्ही स्क्रूचं सांगणार होतात. मी म्हटलं, मग हे कशाचं चाललंय?

तर पुन्हा तुझ्या छताकडे. हुक भिंतीत असला तर वजन त्याला खाली वाकवतं. छतात असला तर वजन त्याला सरळ बाहेर ओढतं, आणि मग तो निव्वळ आट्यांच्या जोरावर लोंबतो. जुनं लाकूड, ओढणारं वजन, आणि वर ते हलणार. दर झोक्याला हुक लाकूड थोडं थोडं कुरतडतो. पहिला आठवडा काही होत नाही. दुसरा काही होत नाही. म्हणून माणसं फसतात. हलणाऱ्या वजनाला फिरवून बसवायचा हुक घ्यायचाच नाही, आठ नंबर नाही आणि मी म्हणाले तो आठ मिलिमीटरही नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं की ते एवढं हलणार आहे. त्याला आरपार बोल्ट लागतो. तुमच्या छतावर माळा आहे म्हणालीस, मग प्रश्नच मिटला. खाली गोल डोळा असलेला बोल्ट घ्यायचा, दहा मिलिमीटर जाड. नुसता वाकवलेला डोळा नको, पूर्ण बंद हवा, नाहीतर ताण आला की उघडतो. वाशात खालून वर सरळ भोक. डोळ्यापाशी एक वायसर, वर माळ्यावर मोठी रुंद वायसर, तळहाताएवढी मिळाली तर उत्तम, मग नट, आणि त्याच्यावर दुसरा नट आवळून ठेवायचा, म्हणजे पहिला हलण्याने सुटत नाही. बोल्टाची लांबी किती, तर वाशाची जाडी, वायसरी, दोन नट, आणि वर दोन आटे मोकळे दिसले पाहिजेत. आटे दिसत नसले तर बोल्ट आखूड पडला, उगाच भागवू नका. आणि त्याआधी वाशाला टोच्या मारून बघा. टोच्या सहज आत गेला तर तो वासा सोडा, शेजारचा धरा. सगळं झालं की तुझ्या नवऱ्याला त्या डोळ्यातून दोर घालून लोंबकळायला सांग, पाय उचलून, चांगला झोका घेऊन. तो कुंडीपेक्षा जड आहे आणि पडला तर एवढं मनाला लावून घेणार नाही.

इथे तुझ्या आईने लिहायचं थांबवून विचारलं, एका कुंडीसाठी एवढा बोल्ट? आपण याच्यावर पाण्याचा पंप टांगून देतो. मी म्हटलं, लिही गं, मलाही तोच प्रश्न पडला होता. कारण वायसर, मी तुझी कुंडी मनातल्या मनात टांगून बघितली आणि ती कुठे बसेना. दोर केवढा हवा विचारलंस, मी विचारलं कुठपर्यंत यायला हवी, तर म्हणालीस पलंगाच्या उंचीला. उशाशी, खिडकीपासून लांब, वारा लागायला नको अशा कोपऱ्यात. मी कधी झाड लावलेलं नाही, पण ऊन आणि वारा नसेल तर झाड कसं जगतं हे मला समजेना. मग म्हणालीस, पलंगावर पडल्या पडल्या दोरी ओढून हलवता आली पाहिजे. बरं. एखादीला असते हौस झाड हलवायची. मग शेवटी विचारलंस, आजी, हुक करकरणार नाही ना गं, रात्री. मी म्हटलं, डोळ्यात दोर जिथे घासतो तिथे थोडं मेण चोळायचं, नाही करकरत. फोन ठेवला, आणि तेव्हापासून हा माझा जीव असा वरखाली होतोय. ताकाला जाऊन भांडं लपवावं, पण एवढं मोठं भांडं?

आता तुझ्या आईने पेन खाली ठेवलं आहे. म्हणजे ठेवलं होतं, मी उचलायला लावलं म्हणून ही ओळ आली. मधल्या वेळात काय झालं ते सांगते. एक गिऱ्हाईक पायरीवर येऊन उभं राहिलं, तिने त्याच्याकडे बघितलं आणि दुकान बंद आहे म्हणाली. शटर उघडं, दिवे चालू, आम्ही दोघी समोर बसलेल्या. ते बिचारं गेलं. मग ती खणांकडे तोंड करून उभी राहिली, नमुन्यांवरून बोट फिरवत, मी फिरवते तसं. इतक्या वर्षांत तिला असं करताना मी पहिल्यांदा बघितलं. आणि तिकडेच तोंड ठेवून विचारलं, कितवा महिना. मी म्हटलं, कुंडीला महिने नसतात. म्हणाली, आई. एवढंच. मी म्हटलं, मला तरी कुणी काय सांगितलंय, बस, लिही, पत्र अर्धं राहिलंय. बसली. हीच ओळ तिने दोनदा खोडली, ते दिसेल तुला. दिसलं तर दिसू दे, मी तिला कागद बदलू दिलेला नाही.

तर आता पत्राचं खरं कारण. हुकाचं मला फोनवर सांगता आलं असतं, दोनदा सांगितलं असतं तर कळलं असतं तुला, एवढी काही तू ढ नाहीस. पण फोन ठेवता ठेवता तू मला शपथ घातलीस, कुंडीचं एवढ्यात आईला सांगू नकोस. कुंडीची शपथ घालणारी तू पहिलीच. ती मी मोडलेली नाही. तिला मी एक शब्द बोलले नाही, मी तुझ्याशी बोलत होते, ती लिहीत होती. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तर नातीशी बोललेलं सुनेला लागलं, याला मी काय करू. तोंडाने सांगितलं असतं तर मला काय त्याचं म्हणून खिळे तोलायला गेली असती. स्वतःच्या हाताने लिहिलेल्यापासून उठून जाणार कुठे? आणि तुला नुसता निरोप दिला असता की आईचा राग निवळला, तर तू ठेवला असतास का विश्वास? म्हणून तिचं अक्षर तुझ्यासमोर ठेवायचं होतं, पाळणा टांगण्याआधी. पाळणा, हो. लिहिलं तिने, कुंडी खोडून. आता बोल्टाचं. मी एक काढून ठेवला होता पार्सलात घालायला. तिने हातात घेतला, नट फिरवून बघितला, म्हणाली, हा नको, याचे आटे बोथट आहेत. स्वतः शिडी लावून वरच्या खणातून दुसरा काढला, वायसरी शोधल्या, दोन नट जास्तीचे घेतले, मेणाचा तुकडा घेतला, सगळं एका फडक्यात बांधलं. मी म्हटलं, दे, शिंपी टाकेल पोस्टात. म्हणाली, जड वस्तू पोस्टात हरवतात. मी विचारलं, मग कसं पाठवायचं? तिने फडक्याची गाठ सोडून परत बांधली, आणि शिंप्याला हाक मारून विचारलं, पहिली गाडी किती वाजता सुटते. म्हणजे हे पत्रही पोस्टमन आणणार नाही. मी तिला विचारलं, तिकडे काय कळवायचंय? म्हणाली लिहिते, तुम्ही गप्प बसा. तेव्हा याच्या पुढची ओळ माझी नाही. भोक पाडायची घाई करू नका, वासा आधी मी वाजवून बघणार.

तुझीच,
तोंडाने लिहिणारी आजी